रिपीटर बॅचच्या आधी करायचं काम

नीटचा निकाल लागला की आमच्या अमडापुरात दोनच प्रश्न होतात. किती पडले? आणि नंबर नाही लागला तर आता कुठं पाठवता, लातूरला की अकोल्याला? २०२४ च्या जूनमध्ये दोन्ही प्रश्न माझ्याही वाट्याला आले. नंबर कशामुळं गेला, हे मात्र कोणी विचारलं नाही. ड्रॉप घेणाऱ्यानं क्लासची फी भरण्याआधी तेवढंच शोधायचं असतं.

आधी मार्कांचं. २०२४ ला ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडले होते, सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ ला फिजिक्सनं असं रडवलं की देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. तेव्हा ‘मागच्या साली एवढ्या मार्कांत सरकारी लागलं होतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. बघायची ती रँक, तीही आपल्या प्रवर्गातली. सीईटी सेल प्रत्येक फेरीची निवड यादी जाहीर करतं. ती उतरवून घ्या आणि आपली रँक शेवटच्या जागेपासून किती लांब राहिली ते पेन्सिलीनं मांडा. माझे मामा अजून विदर्भाच्या ७० टक्के जागांचा हिशेब सांगत होते. तो ७०:३० चा नियम सप्टेंबर २०२० मध्येच गेला. बुलढाण्यात २०२४ ला १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा गावात आनंद झाला, आणि तो साहजिकच होता. पण कॉलेज जिल्ह्यात आलं म्हणून जागा जिल्ह्याच्या होत नाहीत. राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांना अमडापूरची पोर आणि पुण्याची पोर एकाच यादीत असते.

मग पेपर घ्या. नीटची प्रश्नपुस्तिका घरी आणता येते, आपल्या ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची एनटीए ऑनलाइन देतं. हे तिन्ही कागद पुढ्यात ठेवून चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाशेजारी एक अक्षर लिहायचं: न आलेल्याला ‘न’, येत असून घाईत गेलेल्याला ‘घ’, तुक्का मारलेल्याला ‘त’. माझ्या पुस्तिकेवर ‘त’ इतके झाले की बाबांनी विचारलं, हे काय लिहितेस? बरोबर उत्तराला चार आणि चुकीचा एक वजा, म्हणजे वीस तुक्के फसले तर हातातले वीस मार्क जातात आणि तेवढ्यात रँक हजारोंनी घसरते. मार्क सारखे पडले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात, मग केमिस्ट्रीचे. हे कळल्यावर माझं वेळापत्रक बदललं. नव्या नोट्स, नवे मॉड्यूल यांपेक्षा एनसीईआरटीचं बायोलॉजी ओळ न ओळ वाचणं जास्त कामाला आलं. आपल्या बोर्डाचं पुस्तक वाईट नाही, पण पेपर निघतो तो एनसीईआरटीच्या भाषेत. ज्याच्या पुस्तिकेवर ‘न’ जास्त आहेत त्यानं क्लास जरूर लावावा. ‘घ’ आणि ‘त’ वाल्यानं फी वाचवून वेळ लावून पेपर सोडवावेत. हे माझं मत, क्लासवाल्यांना ते पटणार नाही.

आता कागद. गावाकडच्या मुलांच्या जागा इथं जातात आणि याची चर्चा सर्वांत कमी होते. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला होता, वैधता नव्हती. वैधतेशिवाय राखीव जागेवरचा हक्क टिकत नाही, नाव खुल्या यादीत मोजलं जातं. बुलढाण्याच्या जात पडताळणी समितीकडं अर्ज करायचा तर ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो; अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचं घरात हाक मारायचं नाव होतं, सातबाऱ्यावर दुसरंच. हा माणूस एकच आहे हे सिद्ध करण्यात पावसाळा गेला. शेवटी चिखलीच्या तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल मिळाली. पिवळं पडलेलं पान, शाई पसरलेली, पण पणजोबांचं नाव आणि त्यापुढं जात स्पष्ट. बाबांनी त्या नकलेच्या लगेच झेरॉक्स काढल्या आणि एक देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवली. माझ्या चुलत भावंडांना आता त्याच कागदावर वैधता मिळेल, रक्ताच्या नात्यातल्या एकाची झाली की पुढच्यांचं सोपं होतं.

नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं प्रवेशाच्या वर्षी चालेल असं घ्या. आधार, दहावीची सनद आणि बारावीची गुणपत्रिका यांवर नावाचं स्पेलिंग एक आहे का, तेही आजच पाहा. मुदतवाढीचा शासन निर्णय निघेलच या भरवशावर राहू नका.

बीएएमएसला प्रवेश घेऊन ठेवावा आणि पुन्हा नीट द्यावी, असा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मैत्रिणीनं तसं केलं. मूळ कागद कॉलेजात अडकले, मुदतीनंतर जागा सोडण्याचा भुर्दंड बसला आणि अभ्यास धड ना इकडचा ना तिकडचा झाला. आयुर्वेदाची आवड असेल तर मनापासून करा, उत्तम पदवी आहे. नुसतं राखून ठेवायला घेऊ नका.

२०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची याचीही नाही. म्हणून पुन्हा पुन्हा देत राहणारी मुलं मी लातूरच्या खोल्यांत पाहिली. ज्यांनी आधीच्या वर्षासारखंच वर्ष काढलं त्यांच्या रँकेत फारसा फरक पडला नाही. ड्रॉप घ्यायचा तर काय बदलणार हे वहीत लिहून आई-वडिलांना वाचून दाखवा. लिहिता आलं नाही तर घेऊ नका.

आणि जे आत्ता अकरावी सायन्सला आहेत, त्यांनी निकालाची वाट कशाला पाहायची? वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करता येतो. उद्या ऑफिसात जाऊन पत्र मागा, आणि आजोबांचा शाळेचा दाखला कोणाच्या पेटीत आहे ते आजच घरी विचारून ठेवा.