हार्मोनचे इंजेक्शन आणि पांढऱ्या पेशी

‘वडिलांना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन देतात. त्याने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून त्यांना नातीच्या लग्नाला न्यायचे नाही असे घरात ठरते आहे. हे बरोबर आहे का?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

बहुधा घरच्यांनी हे इंजेक्शन आणि केमोथेरपी एकच मानली आहे. केमोथेरपीने भराभर वाढणाऱ्या पेशी मरतात. त्यात अस्थिमज्जेतल्या पेशीही सापडतात. ल्युप्रोलाइडसारखे इंजेक्शन मात्र पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जाणारा हुकूम बंद करते. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक अगदी कमी होते.

पांढऱ्या पेशींपैकी ‘टी’ पेशींचा उगम अस्थिमज्जेत, पण त्या तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथली परीक्षा कडक. बहुतेक पेशी नापास होऊन तिथेच मरतात. माणूस वयात आला की ही ग्रंथी आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. मराठी विश्वकोशाने तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हटले आहे; नावातच निम्मा धडा आला! या आक्रसण्यात लैंगिक संप्रेरकांचा मोठा हात असतो. खच्ची केलेल्या सशांची थायमस मोठी राहते, हे काल्झोलारी यांनी १८९८ सालीच नोंदवले होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पुरुषी संप्रेरक थांबवल्यावर म्हाताऱ्या उंदरांची थायमस पुन्हा वाढली. हे उपचार घेणाऱ्या प्रोस्टेटच्या रुग्णांच्या रक्तातही नव्या टी पेशी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे भीती होती त्याच्या उलटच.

पण म्हणून हे काही टॉनिक नव्हे. पेशी वाढल्या म्हणजे आजारपणे कमी होतात, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, अंगातून गरम वाफा येतात, साखरही वाढू शकते.

एक मात्र तपासा. सोबत अबिराटेरॉनच्या गोळ्या असतील तर त्याबरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. त्याने प्रतिकारशक्ती थोडी दबू शकते, पण ते मनाने एकदम बंद करणे धोक्याचे. केमोथेरपीही चालू असेल तर गर्दीत जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. ताप आल्यास त्याच दिवशी दाखवा.

नुसते इंजेक्शनच असेल तर वडिलांना लग्नाला जरूर न्या. कार्यालयाच्या पायऱ्यांवर हात धरा, आणि इंजेक्शनची तारीख त्याच आठवड्यात येत असेल तर ती डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घ्या.