विजेचा हिशेब

मंडळी, आता तुम्हांला वाचता येते. गुणाकार-भागाकारही येतो. सोयाबीनचा काटा झाला की आपण क्विंटलला भावाने गुणतो. विजेचा हिशेबही तितकाच सोपा आहे. तो पैसे वाचवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो जीव वाचवतो.

दाब, प्रवाह आणि रोध

गावची पाण्याची टाकी पाहा. टाकी उंच असते, म्हणून पाण्याला दाब असतो. तोटी सोडली की पाणी वाहते. नळी रुंद असली तर पाणी भरपूर येते. नळी अरुंद असली तर पाण्याला अडथळा होतो. मग पाणी कमी येते.

विजेचेही असेच आहे. विजेच्या दाबाचे माप व्होल्ट. वाहणाऱ्या विजेचे, म्हणजे प्रवाहाचे, माप अँपिअर. विजेला होणाऱ्या अडथळ्याला रोध म्हणतात. त्याचे माप ओहम. आपल्या घरच्या विजेचा दाब साधारण २३० व्होल्ट असतो.

दाब, प्रवाह आणि रोध यांचा हा नियम जर्मनीतल्या गेओर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली पुस्तकात मांडला. त्याचा बाप कुलुपे बनवणारा कारागीर होता. तो शाळेत शिकलेला नव्हता. स्वतःच्या कष्टाने शिकला आणि मग त्याने आपल्या मुलांना घरी शिकवले.

आजीची शेगडी

समजा, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका घरी आजीने विजेची शेगडी आणली. वायरमनने मोजून पाहिले. दाब २३० व्होल्ट, प्रवाह ५ अँपिअर.

“मले सांग बाप्पा, हे शेगडी लाईट किती खाते?” आजीने विचारले.

“तुमीच हिशेब करा, आजी. दाबाला प्रवाहानं गुणा. २३० गुणिले ५.”

“अकराशे पन्नास.”

“झालं! शेगडी ११५० वॅटची हाय. वॅट म्हणजे विजेच्या शक्तीचं माप. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. बिलात युनिटाचेच पैसे लागतात.”

“म्हंजे दोन तास शेगडी पेटली तर दोन युनिटाच्या वर गेली म्हणा!”

“बरोबर. अन् तुमचा एलईडी दिवा हाय ९ वॅटचा. तो एका युनिटात शंभराहून जास्त तास जळते.”

“अन् शेगडीचा रोध किती?”

“तिथं भागाकार. दाबाला प्रवाहानं भागा. २३० भागिले ५. रोध ४६ ओहम.”

हा हिशेब शेगडी, इस्त्री यांना लागू पडतो. पंपाच्या मोटरीचा हिशेब थोडा वेगळा असतो. तो वायरमनला विचारावा.

ओल्या हाताचा हिशेब

आता हाच भागाकार माणसाच्या अंगाला लावू. कोरड्या कातडीचा रोध पुष्कळ असतो. पण पैनगंगेच्या, अडाणच्या काठी रब्बीत हरभरा-गहू भिजवताना काय होते? हात ओले, पाय चिखलात. अशा वेळी अंगाचा रोध १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला १००० ने भागा. उत्तर येते ०.२३ अँपिअर. एक अँपिअर म्हणजे एक रुपया धरला, तर हे झाले २३ पैसे. पण एवढा प्रवाह छातीतून गेला तर हृदय बंद पडू शकते. जुना ६० वॅटचा दिवा याहून थोडा जास्त प्रवाह घेतो. म्हणजे एका दिव्याला लागते तेवढी वीज माणसाचा जीव घ्यायला पुरते.

कोणी म्हणेल, “फ्यूज हाय ना, तो जळेल!” नाही जळणार. ५ अँपिअरचा फ्यूज त्याहून बराच जास्त प्रवाह झाला तरच जळतो. २३ पैसे त्याच्या खिजगणतीत नाहीत. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी चांगले अर्थिंग पाहिजे. सोबत अर्थ लीकेज ब्रेकर पाहिजे. ०.०३ अँपिअर, म्हणजे तीन पैसे वीज बाहेर गळाली, की तो खटकन वीज तोडतो.

रोही आणि रानडुकरे पीक खातात. म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतात. हिशेब तोच आहे. तार जनावर आणि माणूस ओळखत नाही. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, नाहीतर आपलाच मुलगा, तिथे मरतो. असे करणे कायद्याने गुन्हाही आहे.

लक्षात ठेवा

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.
व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम.
ओल्या हाताने बटण, पेटी किंवा मोटर धरू नका.
कोणी विजेला चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमले नाही, तर घरच्या विजेपासून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा.
डीपीला किंवा खांबावरून तुटलेल्या तारेला लाकूडही लावू नका. दूर उभे राहा आणि वीज बंद करवून घ्या.

प्रश्न

१. एका इस्त्रीचा दाब २३० व्होल्ट आणि प्रवाह ४ अँपिअर आहे. ती किती वॅटची? तिचा रोध किती? (उत्तर: ९२० वॅट, साडेसत्तावन्न ओहम.)
२. फ्यूज माणसाला का वाचवत नाही?
३. तुमच्या घरी अर्थिंग आहे का? आज पाहून या आणि वहीत लिहा.