तिघं, एक तास आणि कोरा कागद

जॅझ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना सॅक्सोफोन, मंद दिवे आणि जुन्या हिंदी सिनेमातला क्लब आठवतो. या लेखात त्यातलं काही नाही. लेख आहे ऑस्ट्रेलियातल्या 'द नेक्स' या त्रिकुटाबद्दल, आणि एका प्रश्नाबद्दल. आधी काहीही ठरवलेलं नसताना तीन माणसं तासभर एकत्र कशी वाजवतात? आणि तेही १९८७ पासून, न भांडता?

मंडळी कोण?

पियानोवर ख्रिस अब्राहम्स, डबल बेसवर लॉइड स्वॉन्टन आणि ड्रम्सवर टोनी बक. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात थोरलं भावंड, माणसापेक्षा उंच. १९८७ साली सिडनीत हे तिघं जमले ते कार्यक्रम करायला नाही, तर बंद खोलीत, श्रोत्यांशिवाय वाजवून बघायला. तेव्हापासून माणसं तीच आहेत. कॅप्टन कुणीच नाही. बक अनेक वर्षं बर्लिनला राहतो. प्रत्येकाची बाहेर स्वतःची वेगळी कामं असतात. स्वॉन्टनने तर 'द कॅथलिक्स' नावाचा वेगळा बँड काढला. दौऱ्यापुरते एकत्र यायचं, वाजवायचं, परत आपापल्या वाटेने जायचं. इतकी वर्षं टिकण्याचं अर्धं गुपित मला यातच दिसतं.

कार्यक्रमात होतं काय?

सहसा दोन भाग असतात, प्रत्येक भाग पाऊण ते एक तासाचा. तिघं येऊन बसतात आणि गप्प राहतात. सुरुवात कोण करणार हेसुद्धा ठरलेलं नसतं. मग एकजण दोन-तीन सूर वाजवतो. पुन्हा तेच. दुसरा त्यात हळूच शिरतो, मग तिसरा. दहा मिनिटं झाली तरी वाटतं, अरे, काहीच होत नाहीये! विसाव्या मिनिटाला लक्षात येतं की आपण भलतीकडेच येऊन पोचलोय, पण वळण कुठे लागलं ते सांगता येत नाही. मध्येच पुढे येऊन टाळ्या घेणारा सोलो नाही.

ख्यालातली बढत ऐकणाऱ्यांना ही चाल ओळखीची वाटेल. पण तिथे राग ठरलेला असतो, ताल ठरलेला असतो. इथे तेवढीही शिदोरी नाही.

मग हे चालतं कसं?

पहिली गोष्ट, पुनरावृत्ती. एकजण तोच तुकडा धरून ठेवतो, म्हणून बाकीच्या दोघांना उभं राहायला जमीन मिळते. १९८९ सालचा त्यांचा पहिला अल्बम म्हणजे सुमारे ५६ मिनिटांचा एकच तुकडा आहे. त्यात बेसची एक छोटी ओळ फिरत राहते आणि बाकी सगळं तिच्याभोवती उगवतं.

दुसरी गोष्ट आपल्या गणिताची. समजा, एकाचा तुकडा ७ मात्रांचा आणि दुसऱ्याचा ८ मात्रांचा आहे. दोघंही आपापला तुकडा तसाच वाजवत राहिले तरी सुरुवात पुन्हा एकत्र येणार ती ५६ मात्रांनी. म्हणजे कुणीही काही न बदलता ऐकणाऱ्याला सतत नवी नक्षी ऐकू येते. लसावि शाळेत शिकलो तेव्हा त्याचा इतका छान उपयोग कुणी सांगितला नव्हता!

तिसरी गोष्ट फर्स्ट इयरच्या फिजिक्समधली, रेझोनन्स. पियानोचं उजवं पेडल दाबलं की तारांवरचे दाब उचलले जातात. मग एक सूर वाजवला तरी न छेडलेल्या इतर तारा आपोआप गुणगुणायला लागतात, सतारीच्या तरफांसारख्या. त्यावर झांजेची थरथर आणि बेसची गाजवलेली तार चढली की हॉलमध्ये असा आवाज तयार होतो जो तिघांपैकी कुणीच वाजवत नसतो. ते त्या आवाजाला उत्तर देतात. म्हणून त्यांच्यासाठी हॉल हे चौथं वाद्य आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकले. पुस्तकात आहे तेवढंच आणि तसंच वाजवायचं. जास्तीचा सूर वाजला की बोटांवर पट्टी. त्यामुळे 'न ठरवता वाजवणं' म्हणजे 'तयारीशिवाय वाजवणं' असंच मला वाटायचं. या तिघांना ऐकून कळलं की तयारी दोन प्रकारची असते. एक काय वाजवायचं याची, आणि दुसरी ऐकण्याची. दुसरीला जास्त वर्षं लागतात.

तबकडीचा धाक

स्टुडिओत मात्र हेच लोक थरावर थर चढवत रेकॉर्डिंग करतात. आणि तिथे माध्यम मर्यादा घालतं. सीडीवर तासाभराचा सलग तुकडा मावतो, म्हणून 'हँगिंग गार्डन्स' (१९९९) आणि 'ड्राइव्ह बाय' (२००३) तेवढे लांब आहेत. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटंच चांगली मावतात, म्हणून 'माइंडसेट' (२०११) मध्ये तेवढेच दोन तुकडे. 'ट्रॅव्हल' (२०२३) चा उगम तर आणखी साधा आहे. स्टुडिओत रोजच्या कामाआधी तिघं वीस मिनिटं नुसतं वाजवायचे, त्यातूनच तो अल्बम झाला. आपण ज्याला वॉर्मअप म्हणतो, तेच त्यांचं काम ठरलं.

कसं ऐकाल?

'ड्राइव्ह बाय' घ्या. रात्री मेसनंतर, रूममेटच्या परवानगीने. पहिल्या दिवशी फक्त बेसकडे लक्ष द्या. दुसऱ्या दिवशी फक्त ड्रम्सकडे. तिसऱ्या दिवशी सगळं एकत्र ऐका, आणि दर पाच मिनिटांनी कागदावर एक ओळ लिहा: आत्ता काय ऐकू येतंय? शेवटी त्या बारा ओळी सलग वाचा. बदल दिसेल.

मग एक प्रयोग ग्रुप डिस्कशनच्या सरावात करून बघा. तिथे आपण सगळे ऐकत नसतो, फक्त आपला नंबर लागायची वाट बघत असतो. दहा मिनिटांसाठी एकच नियम ठेवा: आधीच्या माणसाचा मुद्दा पुढे नेल्याशिवाय आपला मुद्दा मांडायचा नाही. आमच्या विंगमध्ये केलं तेव्हा पहिली दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. नंतर मात्र रेक्टर मॅडमना दार वाजवून थांबवावं लागलं.