जनुकीय अनुक्रमांच्या फाइली : लेखन आणि रूपांतर

शिलालेखाचा ठसा वाचताना इतिहासाचा अभ्यासक झिजलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकतो. पुढे कोणी तो लेख उतरवून घेताना ही प्रश्नचिन्हे गाळली, तर मजकूर तोच राहतो. परंतु कोणते अक्षर निश्चित आणि कोणते तर्काने भरलेले, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. साधनचिकित्सेचे हे तत्त्व डीएनएच्या नोंदींनाही तितकेच लागू पडते. विज्ञानशाखेकडे वळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी ते येथे थोडक्यात मांडीत आहोत.

अनुक्रमण यंत्र डीएनएचे वाचन ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांत देते. 'फास्टा' प्रकारच्या फाइलीत '>' चिन्हाने सुरू होणारी नावाची ओळ आणि तिच्याखाली अनुक्रम, एवढेच असते. 'फास्टक्यू' प्रकारात याखेरीज गुणवत्तेची ओळ असते. तीत प्रत्येक अक्षरासाठी एक चिन्ह असते व त्यातून यंत्राला त्या अक्षराची किती खात्री आहे, हे समजते. गुणांक 20 म्हणजे चुकीची शक्यता 100 मध्ये 1. गुणांक 30 म्हणजे 1000 मध्ये 1.

अशा फाइली हाताळण्यासाठी पायथन भाषेत 'बायोपायथन' ही मुक्त लायब्ररी उपलब्ध आहे. तिच्या 'सीक्‌आयओ' विभागातील 'पार्स' ही आज्ञा नोंदी एकेक करून वाचते, 'राइट' लिहिते आणि 'कन्व्हर्ट' थेट रूपांतर करते. 'कन्व्हर्ट'ला मूळ फाइल, तिचा प्रकार, नवी फाइल व तिचा प्रकार अशा चार गोष्टी सांगाव्या लागतात. उत्तरादाखल ती रूपांतरित नोंदींची संख्या देते. ती मूळ संख्येशी ताडून पाहावी.

मात्र संख्या जुळली म्हणजे अर्थ जुळला, असे नव्हे. येथे तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली : फास्टक्यूचे फास्टा करताना गुणांक नाहीसे होतात. उलट रूपांतर सांगितल्यास लायब्ररी ते नाकारते. कारण जे नोंदलेलेच नाही, ते ती कोठून आणणार?

दुसरी : गुणांकाची चिन्हे लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. आज रूढ असलेल्या सँगर पद्धतीत मोजणी 33 पासून, तर इल्युमिना यंत्रांच्या एका जुन्या पद्धतीत 64 पासून होते. 'जे' हे अक्षर जुन्या पद्धतीत गुणांक 10 दाखविते, सँगर पद्धतीत 41. म्हणून जुनी फाइल 'फास्टक्यू-इल्युमिना' असे न सांगता नुसती 'फास्टक्यू' म्हणून वाचली, तर प्रत्येक गुणांक 31 ने फुगतो आणि संगणक तक्रारही करीत नाही.

तिसरी : त्याच नावाची फाइल आधीपासून असेल, तर 'राइट' तिच्यावरच लिहिते, परवानगी विचारीत नाही.

दहापैकी एकदा चुकणारे अक्षर निश्चित मानले गेले, तर नसलेला जनुकीय बदल रुग्णाच्या नावे नोंदला जाऊ शकतो. यास्तव मूळ फाइल कधीही पुसू नये. रूपांतरित प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि कोणत्या पद्धतीतून कोणत्या पद्धतीत रूपांतर केले, याची टीप सोबत जोडावी. विद्यार्थ्यांनी दहा नोंदींची एक लहान फाइल घेऊन हा प्रयोग स्वतः करावा, आणि काय उरले यापेक्षा काय गळाले, हे आधी तपासावे.