पुसलं तिथंच चुकलं

नणंदेनं मोबाईल हातात दिला तेव्हा मी तुळशीच्या माळा मोजत होते. देहूत देवळाच्या वाटेवर आमचं माळा-बुक्क्याचं दुकान आहे आणि तुकाराम बीज आठ दिवसांवर आली होती. ती चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरलेली, गळ्यात अजून आयकार्ड. "वहिनी, आईला सांगू नका," एवढंच म्हणाली.

फोटो तिचाच होता, खासगी. साखरपुडा झाल्यावर तिनं त्या मुलाला पाठवलेला. साखरपुडा मोडला आणि फोटो तिच्या कंपनीतल्या लाइनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली तिचं नाव.

मी काय केलं? त्या मुलाचं चॅट धमक्यांसकट उडवलं, गॅलरीतला फोटो काढला, ट्रॅश रिकामा केला, तिला ग्रुपमधून बाहेर काढलं. दहा मिनिटांत निस्तरलं असं वाटून पुन्हा माळा मोजायला बसले.

माझं माहेर जळगावकडचं. १९९४ साली तिथलं प्रकरण उघडकीला आलं. बायकांचे, मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावलं जात होतं. तक्रारीला पुढे आलेल्या मोजक्याच. आमच्या घरात तो विषय निघाला की रेडिओचा आवाज वाढवला जायचा. गप्प राहणं म्हणजे शहाणपण, हे मी तेव्हाच शिकले असणार.

चौथ्या दिवशी फोटो दुसऱ्या नंबरवरून पुन्हा आला. मग पोलीस स्टेशन गाठलं. तिथल्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, ओरिजिनल चॅट कुठंय?"

तुकोबांची बुडवलेली गाथा तेराव्या दिवशी इंद्रायणीतून वर आली हे आम्ही रोज भाविकांना सांगतो. माझं उडवलेलं चॅट काही वर आलं नाही.

निभावलं ते नणंदेच्या एका मैत्रिणीमुळे. तिच्या फोनमध्ये ग्रुप तसाच होता, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ सगळं दिसत होतं. मी लगेच म्हटलं, "मला फॉरवर्ड कर." मॅडमनी हात वर करून थांबवलं. असा फोटो पुढे ढकलणं हाच गुन्हा, मग हेतू पुराव्याचा का असेना. फोन होता तसा पोलिसांना दाखवायचा. स्वतःसाठी ठेवायचे ते स्क्रीनशॉट कापाकापी न करता, पूर्ण पानाचे. इन्स्टाग्राम वगैरेवर असेल तर प्रोफाइलची लिंकही टिपून ठेवायची, कारण वर दिसणारं नाव काय, बदलता येतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा ज्या फोनवर मजकूर आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

घरात यजमानांचा प्रश्न वेगळाच होता, "तिनंच पाठवला म्हटल्यावर केस कशी होणार?" होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्टच लिहिलंय. बाईनं खासगी फोटो काढायला संमती दिली पण इतरांना दाखवायला नाही, तर तो पसरवणं गुन्हा. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा ठरला तर तीन ते सात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पण तरतूद २०१३ पासूनची, आधी ती दंडविधानात ३५४-सी होती. कलम ७७ फक्त बाईच्या बाजूनं आहे. मुलाचा फोटो फिरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई आहे, त्यात स्त्री-पुरुष भेद नाही. उघड लैंगिक कृत्याचा व्हिडिओ असेल तर ६७-ए, पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत.

एक कडू गोष्टही सांगते. कलम ७७ चा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. मुलगा सुटून आला तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांना वाटलं, केसच संपली.

कंपनी चाकणला, घर देहूत, मुलगा गावी पळालेला, तरी हद्दीवरून कुणी परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर मागायचा, त्याची प्रत फुकट मिळते. कलम ७७ च्या तक्रारीत बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. स्टेशनला जायचं धाडस नसेल तर केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार होते, तिथं बायकांना नाव न सांगताही कळवता येतं. सोशल मीडिया कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांत उतरवायचं बंधन घातलं होतं, २०२६ मध्ये ती मुदत दोन तासांवर आली.

'स्टॉप एनसीआयआय' नावाची फुकट सोयही आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. आपल्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा तयार होतो. फोटो कुठं जात नाही, फक्त ठसा जातो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी तो फोटो चढू लागला की अडवता येतो. मात्र ठसा घ्यायला फोटो फोनमध्ये असावा लागतो. तो तर मीच ट्रॅशमधूनही पुसला होता.

मैत्रिणीचा फोन पंचनामा करून जमा झाला. हप्ते चालू असलेला फोन तिनं कुरकुर न करता दिला. तोवर आमच्या दुकानातला बटणांचा फोन तिच्याकडे होता.

केस चालू आहे. नणंद फर्स्ट शिफ्टलाच जाते. पूर्वी बसमध्ये मागे मैत्रिणींत बसायची, आता ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते. का, ते मी विचारलेलं नाही.