सर्पदंश : दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा प्रथमोपचार

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत पश्चिमेस भातखाचरे, तर पूर्वेस ऊस, कांदा व टोमॅटोची बागायत आहे. दोन्हीकडे उंदीर व बेडूक यांच्या मागे साप शेतात व घरापर्यंत येतात. यांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. माणसास मुख्यत्वे चौघांपासून धोका असतो : नाग, मण्यार, घोणस व फुरसे.

दंश होताच हातापायास दोरी आवळण्याची रीत अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. ती घातक होय. घोणशीच्या विषाने दंशाभोवतीचे मांस कुजू लागते. दोरीमुळे तेथील रक्तपुरवठाही थांबतो व पाय गमावण्याची पाळी येते. दोरी एकाएकी सोडल्यास कोंडलेले विष एकदम शरीरात पसरते. म्हणून कोणी ती आधीच बांधली असल्यास वाटेत सोडू नये, डॉक्टरांसमोरच सोडवावी. जखमेस चिरा देणे व तोंडाने विष ओढणे यांनी विष निघत नाही, जखम मात्र चिघळते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ तर परत मिळत नाही.

रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. मोडलेल्या हाडास बांधतात तशी काठी किंवा फळी दंश झालेल्या अवयवास उपरण्याने सैलसर बांधावी. सूज चढण्यापूर्वीच अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढाव्यात. उलटी होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. तिला विलंब होणार असल्यास मिळेल त्या वाहनाने निघावे. मोटारसायकलवर रोग्यास चालक व दुसरा इसम यांच्यामध्ये बसवावे. रस्ता नसलेल्या वाडीतून बाजेवर किंवा झोळीतून आणावे. साप मारून सोबत नेण्याच्या खटपटीत दुसऱ्यासही दंश होतो. त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडील लस या चारही सापांच्या विषावर चालते. ती घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते व काहींना तिची तीव्र प्रतिक्रिया येते. यास्तव ती घरी टोचून घेण्याची वस्तू नव्हे.

मण्यारीविषयी विशेष सावध राहावे. ती रात्री फिरते व जमिनीवर निजलेल्यास दंश करते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज व वेदनाही बहुधा नसतात. पहाटे पोटात कळा येतात, घसा दुखतो. घरची मंडळी अपचन समजून ओवा देतात. पुढे पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते व श्वास मंदावतो. पावसाळ्यात निरोगी माणसास अशी लक्षणे रात्रीतून उद्भवल्यास मण्यारीचा संशय घ्यावा व तडक रुग्णालय गाठावे. श्वास थांबल्यास तोंडाने श्वास देत राहावे. रोगी निपचित पडला तरी त्याचे हृदय चालू असू शकते, आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेले असे रोगी काही दिवसांनी उठून घरी जातात.

नारायणगाव येथील डॉ. सदानंद राऊत व डॉ. पल्लवी राऊत यांनी या परिसरात सर्पदंशावरील उपचार व लोकशिक्षण यांचे काम दीर्घकाळ केले आहे. दंशानंतर काहीच जाणवत नसले तरी रोग्यास २४ तास देखरेखीखाली ठेवावे. जमिनीवर निजणे टळत नसेल, तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. रात्री पाणी देण्यास जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट व विजेरी बरोबर असावी.