गाठ नाही, म्हणून प्लेग नाही?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपुरात प्लेगची साथ होती. त्या साथीत बळिरामपंत आणि रेवतीबाई हेडगेवार हे पतिपत्नी एकाच दिवशी गेले. त्यांचा मुलगा केशव, म्हणजे पुढचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार, तेव्हा जेमतेम 13 वर्षांचा होता. त्या काळी घरात उंदीर पडू लागले की माणसे घराला कुलूप लावून रानात झोपड्या बांधून राहत.

जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेग म्हणजे गाठ. ताप आला आणि काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ उठली, की घरातले काय ते समजून जात. पण याच रोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात गाठ दिसेलच असे नाही. त्यात प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस हा जंतू थेट रक्तात वाढतो. गाठीच्या प्लेगवर वेळेत उपचार झाले नाहीत, तरी तो रक्तात उतरतो. मग थंडी वाजून ताप, पोटदुखी, उलट्या, जुलाब, गळून जाणे. पावसाळ्यात कुठल्याही दवाखान्यात रोज ऐकू येणाऱ्या याच तक्रारी, म्हणून तर घात होतो. रक्तवाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात, रक्त गोठवणारे घटक त्यातच संपतात आणि त्वचेखाली रक्तस्राव सुरू होतो. बोटे, नाकाचा शेंडा काळा पडतो, रक्तदाब कोसळतो. उपचाराविना यातून रुग्ण सहसा वाचत नाही. काही जण तर लक्षणे दिसली त्याच दिवशी दगावतात.

हा जंतू माणसापर्यंत आणते ती पिसू. आजारी उंदराचे रक्त प्यायल्यावर जंतूंचा गोळा तिच्या जठराच्या तोंडाशी अडकतो. रक्त पोटात जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू जखमेत ओकते. उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते आणि पिसवा नव्या उबदार शरीराच्या शोधात निघतात. मेलेला उंदीर शेपटीला धरून अंगणाबाहेर फेकू नये, ते याचसाठी. प्लेगची शंका असलेल्या गावात आधी पिसवांसाठी फवारणी करायची आणि मगच उंदीर मारायचे, हा क्रम कधी उलटा करू नये.

1994मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने आणि पाठोपाठ सुरतेने देशाला हादरवले. त्या वर्षी देशात प्लेगचे 876 संशयित रुग्ण आणि 54 मृत्यू नोंदले गेले. एव्हाना औषधे हाताशी होती: स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन. रक्तातल्या प्लेगमध्येही ती जीव वाचवतात, पण घड्याळाकडे पाहून द्यावी लागतात. रक्ताचा नमुना घ्यायचा आणि कल्चरचा अहवाल येण्याची वाट न पाहता औषध सुरू करायचे. हा निर्णय डॉक्टरांचा. घरात उरलेल्या गोळ्या घेऊन पाहण्याचा हा आजार नव्हे.

नागपुरात आज प्लेगची साथ नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र 2018च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसने याच शहरात आणि विदर्भात बळी घेतले. त्याचे जंतू उंदरांच्या अंगावर वाढणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून शिरतात. त्यावरही डॉक्सिसायक्लिन चालते आणि तिथेही उशीरच जिवावर बेततो.

म्हणून नागपूरच्या इतवारीतल्या धान्याच्या गोदामात काम करणाऱ्याने असो की शेतावर राहणाऱ्याने, ताप आल्यावर डॉक्टरांना आपणहून सांगावे: घरात उंदीर मेले का, अंगाला पिसवा चावल्या का, गेल्या आठवड्यात कुठल्या गावाला जाणे झाले. तापात माणूस बरळू लागला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा अंगावर जांभळे डाग उठले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्रीच मेडिकल, मेयो किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.